खाडीला वाहिलेलें निर्माल्य

भाईंदर आणि नायगांव या दोन स्थानकांच्या दरम्यान आगगाडी वसईच्या खाडीवरून जाते. पूल आला कीं डब्याच्या दारांतून पुष्कळदां एखादें गांठोडें बाहेर फेंकलें जातें. फेंकणाराचे हात क्षणभर जुळतात, आणि गाडी पुढें निघून जाते. गांठोड्यांत चार-आठ दिवसांचें निर्माल्य असतें: झेंडू, जास्वंद, दूर्वा, बेलाचीं पानें, कधीं अख्खा नारळ. देवाला वाहिलेलें पायदळीं येऊं नये, तें वाहत्या पाण्यांत जावें, हा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला शिरस्ता आहे. त्यामागील भावनेला आमचा आक्षेप नाहीं. परंतु हल्लीं हें निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवींत गांठ मारून बांधलेलें असतें, आणि त्या एका गांठीनें शिरस्त्याचा सारा अर्थच उलटा केला आहे.

फूल पाण्यांत विरघळून जातें अशी पुष्कळांची समजूत असते. विरघळते ती साखर. फुलाची माती होते ती कोणीतरी केलेली असते, आणि तें करणारे कोण, हें पाहावयाचें तर दूर जावयास नको. याच खाडीच्या कांठीं तिवराचीं दाट बनें आहेत. तिवराचीं पानें बारमाही गळतात. तेथें केर काढणारें कोणी नाहीं. असें असूनही झाडांखालीं पानांचे ढीग सांचलेले दिसत नाहींत. कांहीं पानें ओहोटीबरोबर समुद्रांत जातात, हें खरें. उरलेल्यांवर पहिला हात पडतो तो खेकड्यांचा. ते पान ओढून बिळांत नेतात, कुरतडतात, खातात, आणि त्यांच्या विष्ठेंतून त्याच पानाचा बारीक भुगा चिखलावर पसरतो. भुगा झाला म्हणजे जीवाणूंना व बुरशीला बसावयास पुष्कळ जागा मिळते. पानांतील मऊ भाग जीवाणू लवकर फस्त करतात. लाकडाला ताठपणा देणारें लिग्निन फोडण्याची हातोटी मात्र मुख्यतः बुरशीलाच साधलेली आहे.

यांत एक मौज अशी, कीं कुजत चाललेलें पान गळलेल्या ताज्या पानापेक्षां अधिक पौष्टिक होत जातें! पानावर वाढणाऱ्या या सूक्ष्म जीवांच्या शरीरांतील प्रथिनें त्यांत मिसळतात. फ्लॉरिडाच्या खारफुटींत विल्यम ओडम व एरिक हील्ड या दोघां संशोधकांनीं 1970 च्या सुमारास हें तपासून दाखविलें, आणि खाडींतील लहानमोठे जलचर या कुजक्या भुग्यावर कसे पोसले जातात, याची सांखळी मांडली. कोळंबीचीं पिल्लें अशाच कांठांवर वाढतात. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस कोळंबीशीं कर्तव्य नसेल. पण उत्तन, चौक, पाली येथील कोळीवाड्यांचा संसार मासळीवर चालतो, आणि त्या मासळीच्या मुळाशीं हें कुजणें आहे.

आतां या कामकऱ्यांची एक अट आहे, ती म्हणजे हवा. खाडीचा चिखल वरून करडा दिसला तरी बोटभर खणतांच काळा लागतो, आणि नासक्या अंड्यासारखा दर्प येतो. तेथवर प्राणवायु पोंचत नाहीं. तेथले जीवाणू खाऱ्या पाण्यांतील गंधकाच्या क्षारांवर आपला निभाव करतात आणि तो दर्प सोडतात. त्यांचेंही काम चालतें, पण फार संथ. खेकड्यांच्या बिळांतून थोडी हवा व भरतीचें पाणी खालीं उतरतें. तिवर तर श्वास घेण्यासाठीं आपल्या मुळ्यांचीं टोकें चिखलाबाहेर उभीं धरतो.

गांठ मारलेली पिशवी म्हणजे असा काळा चिखलच, फरक इतकाच कीं तिला ना बीळ ना भरती. आंतलीं फुलें हवेवांचून आंबतात, सडतात. पिशवी ज्या पदार्थाची असते, तो पचविण्याची कला या जीवांना बहुतांशीं अवगत नाहीं. ती तिवराच्या मुळ्यांवर अडकून त्यांचा श्वास कोंडते, आणि उन्हानें तिचे तुकडे तुकडे झाले तरी माती होत नाहीं. फेंकण्याचा आणखी एक परिणाम लिहितांना हात अडखळतो. सप्टेंबर 2025 मध्यें याच पुलावरून पायीं जाणाऱ्या एका इसमास धांवत्या गाडींतून फेंकलेला नारळ लागला, आणि त्यांत त्याचा अंत झाला. खाडींतील पाणजू बेटावरचे लोक जाण्यायेण्यास या पुलाचा आधार घेतात, हें गाडींतल्या कितीजणांस ठाऊक असेल?

घरांतला ओला केर पिशवींत बांधून देणें ही याचीच मोठी आवृत्ति. मीरा-भाईंदरची वस्ती 2011 च्या खानेसुमारींतच 8,09,378 होती, आणि या शहराचा केर वर्षानुवर्षें उत्तनच्या धावगी डोंगरावर नेला गेला. मिसळलेल्या, दाबलेल्या ढिगांत हवा नाहीं. म्हणून मिथेन वायु, आगी आणि धूर, व खालीं झिरपणारें घाण पाणी. तो धूर उत्तनकरांच्या घरांत जातो, आपल्या नव्हे. ओलें व सुकें उगमापाशींच निराळें ठेवावें, असें केंद्र सरकारच्या 2016 सालच्या नियमांत स्पष्ट सांगितलें होतें. तें किती घरांत पाळलें गेलें, हें ज्याचें त्यानें पाहावें.

निर्माल्यापुरता उपाय सोपा आहे, आणि घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनाही तो पटावा. एक मोठी मातीची कुंडी घ्यावी. तळाला व बाजूंना भोंकें असावींत. हारांचा दोरा आधीं काढावा, कारण तो बहुधा नायलॉनचा असतो. एक थर फुलांचा, एक थर सुक्या पानांचा, वर मूठभर बागेची माती किंवा जुनें खत. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. आठवड्यांतून एकदां खालवर करावें. दुर्गंध आला तर पाणी जास्त झालें असें समजून सुकीं पानें वाढवावींत. झेंडू, जास्वंद लवकर जातात. बेलाचीं पानें व तुळशीच्या काड्या रेंगाळतात. तीनेक महिन्यांत काळी, मातीचा वास येणारी भुकटी हातीं येते. ती तुळशीवृंदावनांत घालावी. तेथें ती कोणाच्या पायदळीं येत नाहीं.

नारळ मात्र कुंडींत घालूं नये. खोबरें प्रसाद म्हणून वाटावें. शेंडीचे तंतु सुटे करून नव्या कुंडीच्या तळाशीं पसरावेत. त्यांत लिग्निन भरपूर, त्यामुळें ते बराच काळ टिकतात आणि पाण्याचा निचराही चांगला होतो.