सोडायच्या आधी कुत्रं चालवून बघा

जत्रा सुरू झाल्या. माण-खटावपासून आमच्या खानापूर, जतपर्यंत बैलगाड्यांबरोबर कुत्र्यांच्याबी शर्यती लागतील. बैल घेताना आपण चार वेळा चालवून बघतो, खूर उचलून बघतो. कुत्र्याला मात्र गाडीतनं उतरवायचं अन् थेट सोडायचं. हे मला पटत नाही.

माझी कारवानी कुत्री गेल्या साली अशीच कामातनं गेली. आदल्या दिवशी पुढचा उजवा पाय टेकताना मान वर झटकत होती. म्हटलं काटा असंल. दुसऱ्या दिवशी पळता पळता पडली, खांदा गेला. चूक माझीच. पुढचा पाय दुखत असला की तो टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. डांबरीवर, पट्टा ढिला सोडून, दुडक्या चालीत समोरनं बघा, लगेच कळतं. सुसाट पळताना काय दिसत नाही.

ऊस तुटलेल्या रानात सराव नको, बुडखे पंजा फाडतात. दीड वर्षाच्या आतलं पिल्लू पळवूच नका, हाडं कच्ची असतात. काहीजण घरातली दुखण्याची गोळी चारतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते. शिवाय दुखणं दबलं की ते त्याच पायावर जोर देऊन पळतं.

कमिटीवाल्यांनीबी दहा मिनिटं काढावीत. लंगडणारं कुत्रं दिसलं तर प्रवेश फी परत द्या अन् घरी पाठवा. मालक चिडंल, चिडू दे.