खुराड्यातली टोचाटोची

शेतकरी बंधूंनो, आणि आज विशेषकरून भगिनींनो, कारण परसातल्या कोंबड्या हे तुमचे खाते. अंड्यांचे जे चार पैसे येतात त्यांत मुलांच्या वह्या निघतात, मीठ-मिरची निघते. त्यामुळे एक कोंबडी गेली तर ती किती रुपयांची होती याचा हिशेब पुरुषांपेक्षा तुम्हांला जास्त नेमका ठाऊक असतो.

पावसाची झड लागली की कोंबड्या बाहेर सोडता येत नाहीत. चार-पाच दिवस त्या खुराड्यात कोंडलेल्या राहतात. मग एके सकाळी दार उघडावे तो एकीच्या शेपटीपाशी रक्त, दुसरीची पाठ बोडकी आणि कधी एखादी मरून पडलेली; तीही अशी की मागून आतडी ओढून काढलेली. कोणी म्हणते मुंगूस आले, कोणी म्हणते नजर लागली. मुंगूस येते हे खरे. पण खुराड्याला भोक नाही, जाळी शाबूत आहे, तर बाहेरचा चोर शोधू नका. हे काम आतल्यांचेच आहे.

कोंबड्यांच्या कळपात मानपान असतो. पहिल्या पंगतीला कोण, दुसऱ्या पंगतीला कोण, हे त्या चोचीने ठरवतात. नॉर्वे देशातल्या शेल्डरुप-एबे नावाच्या संशोधकाने कोंबड्यांवर बारीक लक्ष ठेवून ही उतरंड १९२२ साली शास्त्रीय लेखात मांडली. एकीने दुसरीच्या डोक्यावर टोच मारली, दुसरी बाजूला सरली, की प्रकरण मिटले. अशा टोचण्यात तुम्ही पडू नका. उलट उतरंड ठरली की कळप शांत राहतो.

काळजी करायची ती रक्त निघाल्यावर, आणि तेव्हा पहिली गोष्ट बघायची ती जखम कुठे आहे. तुरा आणि डोके फुटले असेल तर मानाचे भांडण आहे. बहुधा दोन कोंबडे तरी आहेत किंवा नवे पक्षी आणले आहेत. पाठीची पिसे गेली आणि नखांचे ओरखडे असतील तर तो कोंबड्याचा प्रताप. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो; जास्तीचे विकून टाका. शेपटीच्या मुळाशी पिसे उपटलेली असतील तर खाद्यात खोट आहे, उवा-पिसवा आहेत किंवा कोंडून कंटाळा आला आहे. गुदद्वाराशी जखम असेल तर अंडी घालायला अंधारी जागा नाही असे समजा. अंडे घालताना आतला लालसर भाग क्षणभर बाहेर येतो, तो उजेडात दुसरीला दिसतो आणि ती टोच मारते. आतडी बाहेर येतात ती अशी. लहान पिले एकमेकांच्या पायाच्या बोटांना टोचत असतील तर खाद्याचे भांडे लांब आहे किंवा गर्दी फार आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका वस्तीवर असेच झाले. एका ताईंच्या २६ कोंबड्यांपैकी पंधरा दिवसांत चार गेल्या. आजींनी एका कबऱ्या कोंबडीवर बोट ठेवले. "साहेब, हिलाच रगताची चटक लागलीया. अवलक्षणी हाय." कबरी बाजारात गेली. अंडी चालू असलेली कोंबडी खाटकाच्या भावाने गेली, आणि पुढच्या आठवड्यात पाचवी मेली. मी खुराडे मोजले. पाच फूट बाय चार फूट, म्हणजे २० चौरस फूट. तेवढ्यात २६ कोंबड्या. खायला एक थाळी, त्यात नुसता मका. वर पोराने हौसेने लावलेला ९ वॅटचा पांढरा एलईडी दिवा, रात्रभर चालू. कबरीने टोचले असेलही, पण तिच्या जागी कोणतीही कोंबडी असती तरी तिने तेच केले असते. आजींना हे पटायला वेळ लागला. मी निघेपर्यंत त्या गप्पच होत्या.

हे आकडे दाराच्या आतून लिहून ठेवा. दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती एक ते दीड चौरस फूट जागा चालते. पण दिवसभर कोंडायची असेल तर एकीला निदान अडीच चौरस फूट हवी. म्हणजे त्या ताईंच्या खुराड्यात आठ कोंबड्या. मग बाकीच्यांचे काय करायचे? खुराड्याला लागून पत्र्याचा किंवा झापाचा आडोसा काढा, बाजूने जाळी मारा, खाली कोरडे भाताचे तूस पसरा. झडीचे दिवस निभतात. खाद्याच्या भांड्यापाशी एकेकीला चार इंच जागा मिळावी, आणि एकाच्या ऐवजी दोन भांडी दोन कोपऱ्यांत ठेवावीत, म्हणजे एक दांडगी दोन्हींकडे पहारा ठेवू शकत नाही. पाण्याचेही तसेच. बसायच्या काठ्या सगळ्या एका उंचीवर ठेवा. वर-खाली ठेवल्या की वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडण. चार-पाच कोंबड्यांमागे अंड्यासाठी एक खोके, एक फूट लांब-रुंद-उंच, तोंडाशी गोणपाटाचा पडदा टांगलेला.

खाद्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपण इथेच कमी पडतो. कोंबडी मोकळी असते तेव्हा उकिरड्यावर किडे, वाळवी, कोवळा पाला स्वतः मिळवते. कोंडली की ते बंद, आणि आपण टाकतो मूठभर मका नाहीतर ज्वारी. पीस हे बहुतांशी प्रथिनाचे बनलेले असते आणि मक्यात प्रथिने जेमतेम ९ टक्के. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के लागतात. कमी पडले की ती शेजारणीचे पीस खाते. कोंडायच्या दिवसांसाठी १० किलो मिश्रण असे करा: मका किंवा ज्वारीचा भरडा ६ किलो, गव्हाचा किंवा भाताचा कोंडा दीड किलो, सोयाबीन किंवा शेंगदाण्याची पेंड २ किलो आणि सुकट अर्धा किलो. कच्चे सोयाबीन भरडून घालू नका, ते पचनाला बाधते, पेंडच हवी. शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशीचा वास आला तर ती उकिरड्यावर टाका, कोंबडीला घालू नका. सुकट खारी असेल तर वरून मीठ नको. सुकट नसेल तर किलोमागे ३ ते ५ ग्रॅम मीठ नीट मिसळा, त्याहून जास्त नको. जास्त मिठाने कोंबडी मरते. शिंपल्यांचा भुगा वेगळ्या भांड्यात. आणि शेवग्याचा पाला, लसूणघास किंवा कोबीची पाने जुडी बांधून अशी टांगा की कोंबडीला मान उंचावून ओढावी लागतील. चोचीला दिवसभर काम मिळते.

दिव्याचे सांगायचे राहिले. आजचा ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० वॅटच्या बल्बाएवढा उजेड देतो. मोठ्या कोंबड्यांना रात्रभर दिवा लागतच नाही. पिलांना ऊब हवी, झगझगाट नको.

आता उवा-पिसवा. काही गोचिड्या रात्रीच चढतात, म्हणून रात्री बॅटरी घेऊन पंखाखाली आणि शेपटीखाली पिसे फुंकून बघा, काठ्यांच्या फटीही बघा. कोरड्या जागी हातभर खड्ड्यात राख आणि वाळू घालून ठेवा. कोंबड्या स्वतःच लोळतात. खुराडे रिकामे करून फटींत चुना मारा. पण कृपा करून कपाशीवर फवारायचे औषध कोंबडीच्या अंगाला किंवा खुराड्याला लावू नका. कोंबडी मरते, आणि नाही मेली तर ते विष अंड्यातून तुमच्या पोरांच्या पोटात जाते. औषध हवेच असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून आणा.

रक्त निघालेली कोंबडी त्याच क्षणी वेगळी करा. लाल रंग दिसला की सगळ्या जणी तिथेच टोचतात. जखम कोमट पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा, भोवती कडुनिंबाचे तेल, म्हणजे कडू चवीने पुन्हा कोणी चोच लावत नाही. पावसात जखमेत अळ्या पडतात, म्हणून रोज बघा. पडल्याच तर डॉक्टरांना दाखवा. आणि टोचणारी खरोखर एकच असेल तर तिला विकण्याआधी चार दिवस डालग्याखाली ठेवा. परत आली की उतरंडीत तिची जागा दुसरीने घेतलेली असते आणि पुष्कळदा तिचा ताठा उतरतो.

वनराज, गिरिराज अशा सुधारित तलंगा आणून गावठी कळपात सोडताना फार घाई होते. आणल्यावर निदान पंधरा दिवस घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवा, नाहीतर टोचण्याआधी मानमोडीच कळप साफ करील. लस टोचून घ्या. मग आठवडाभर जाळीच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे तोंडओळख होते. शेवटी रात्री अंधारात काठीवर नेऊन बसवा. एकटी कधीच सोडू नका, तीन-चार बरोबर सोडा. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः उठून दार उघडा आणि तासभर तिथे थांबा. थोडी झटापट होईल, ती होऊ द्या.

चोच छाटून टाकावी का, असे बरेच जण विचारतात. मोठ्या पोल्ट्रीत यंत्राने छाटतात. परसातल्या कोंबडीचे पोट तिच्या चोचीवर आहे, आणि चोचीत रक्त आणि नसा असतात. तापल्या विळ्याने घरी छाटण्याचा उद्योग करू नका.

खुडूक बसलेली कोंबडी जवळ येणाऱ्याला टोचते, तो तिचा धर्म आहे. तिला आडोशाला बसवा म्हणजे झाले. माणसांच्या अंगावर धावून जाणारा कोंबडा मात्र, कितीही देखणा असो, लहान मूल असलेल्या घरात ठेवू नका. तो नेमका डोळ्याच्या उंचीवर उडी मारतो. येत्या बाजाराला काढून टाका.

पुढच्या अंकात मानमोडीच्या लशीबद्दल: कोणत्या वयात, डोळ्यात की पाण्यातून, आणि लस गावापर्यंत थंड कशी आणायची.