दार कुणाचं वाजवायचं?

कसबा बावड्यात पत्ता सांगताना कुणी घर नंबर सांगत बसत नाही. भगवा चौक, लाइन बाजार, राजाराम कारखाना अशी एखादी खूण आणि घरच्या कर्त्या माणसाचं नाव सांगितलं की पाहुणा बरोबर दारात येतो. ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांनी मात्र आमच्याकडून सगळं तपशीलवार भरून घेतलंय. पूर्ण नाव, मोबाइल, पिन कोड ४१६००६, मजला, जवळची खूण, शिवाय 'कुणी घरी नसेल तर पार्सल कुणाकडे द्यायचं' हेही. त्यांना माझं दार, शेजारणीचं दार आणि आम्ही दोघी घरी असण्याची वेळ ठाऊक आहे. मला त्यांच्याबद्दल काय ठाऊक होतं? मोबाइलवरचा एक चौकोन आणि त्यात लिहिलेलं, 'आम्ही तुमची कशी मदत करू?'

प्रकरण एका साडीचं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'शंभर टक्के सुती, हातमाग'. किंमत तेराशे एकोणपन्नास रुपये आणि खाली लाल अक्षरांत 'फक्त दोनच शिल्लक'. साडी आली, घडी मोडली आणि हाताला लागलं ते काही सूत नव्हतं. इचलकरंजीत यंत्रमागावर आयुष्य काढलेले आमचे एक नातेवाईक त्या दिवशी घरीच होते. त्यांनी पदराच्या आतला एक धागा ओढला आणि काडी लावली. सूत जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागं मऊ राख राहते. हा धागा आक्रसला, काळा धूर सोडला आणि टोकाला टणक मणी झाला. "पॉलिस्टर हाय," एवढंच बोलून ते चहाकडं वळले.

परत करायला अडचण आली नाही. कुरिअरचा मुलगा दुसऱ्याच दिवशी येऊन साडी घेऊन गेला. त्यानंतर ॲपवर एक ओळ उगवली, 'आपला परतावा प्रक्रियेत आहे', आणि ती तिथंच मुक्कामाला राहिली. ई-मेलला उत्तर नाही. फोन लावला की संगीत. चॅटवर एका मुलीचं नाव धारण केलेलं यंत्र, ते दर वेळी माझाच प्रश्न मला परत विचारी. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, कारण नाव बदलून हीच गोष्ट बावड्यातल्या कितीतरी घरांत सापडेल.

लाइन बाजारातल्या आमच्या कापडवाल्या मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "वैनी, तेराशे रुपयांसाठी कुठं डोकं लावून घेताय? सोडा की." मामा सद्भावनेनंच बोलले. पण त्या 'सोडा की'वर एक अख्खा धंदा उभा आहे, हे मला त्यानंतर उमगत गेलं. दुकानदार नाही म्हणतो तेव्हा भांडता येतं. गप्प बसणाऱ्याशी भांडायचं कसं? नकार लेखी दिला तर तो पुरावा होतो, गप्प बसायला काहीच खर्च येत नाही. शंभरातली बरीच माणसं कंटाळून सोडून देणार हे ठाऊक असेल, तर उत्तर देणारी माणसं पगारावर ठेवायचीच कशाला?

मामांच्याच दुकानात असं का होत नाही? ते फार सज्जन आहेत म्हणून नव्हे. त्यांच्या भिंतीवरही कित्येक वर्षं 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी होती. पण साडीचा रंग गेला तर बाई पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहणार, आणि तिथं आणखी चार गिऱ्हाइकं बसलेली असणार. त्या पायरीला मामा भितात. ऑनलाइन खरेदीत आपण कापडाला हात लावू शकत नाही, अशी तक्रार सगळे करतात. मला वाटतं, खरं नुकसान पायरी गेल्याचं आहे.

दारात जाऊन उभं राहणं ही कोल्हापूरची जुनी सवय. शहरात टोल लावला गेला तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर आलं आणि टोल घालवूनच थांबलं. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथं व्हावं म्हणून वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकांहून जास्त काळ मागणी लावून धरली, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांतल्या माणसाची मुंबईची वारी टळली. त्या लढ्याचा गाभा साधा होता. न्याय लांब असला तर गरिबाला तो नसल्यासारखाच.

असा जवळचा न्याय साडी-सदऱ्याच्या गिऱ्हाइकाला अगोदरच मिळाला आहे, आणि त्याचा कुठं गुलाल उधळला गेला नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात साधारणपणे विक्रेत्याचं ठिकाण किंवा व्यवहार जिथं घडला ते ठिकाण बघितलं जाई. कंपनी बंगळुरूची, गोदाम भिवंडीचं, पैसे भरले बावड्यातून, मग व्यवहार घडला कुठं, यावरच वाद व्हायचा. वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत 'वाद अमुक शहराच्याच न्यायालयात' असं छापलेलं असे ते वेगळंच. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या नव्या कायद्यानं कलम ३४ मध्ये एक ओळ घातली: तक्रारदार जिथं राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे मी बावड्यात राहते एवढं कारण कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाला पुरेसं आहे.

खर्च? वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि सुनावणी मुख्यतः शपथपत्र आणि कागदपत्रांवर चालते. तक्रार घरबसल्या दाखल करता येते. त्यासाठी सप्टेंबर २०२० मध्ये 'ई-दाखिल' आलं आणि १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' हे नवं पोर्टल आहे. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं.

पण आयोगापर्यंत जाण्याच्या आधीच्या दोन पायऱ्या मला जास्त मोलाच्या वाटल्या. पहिली पायरी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याची. २३ जुलै २०२० ला केंद्रानं ई-कॉमर्सचे वेगळे नियम काढले. ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकानं आपलं कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, संपर्क वेबसाइटवर ठळक लावायचा. त्या अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकालात काढायची. मोठ्या बाजारपेठेसारख्या ॲपवर दुसराच कुणी विक्रेता असेल, तर गिऱ्हाइकानं लेखी मागितल्यावर त्या विक्रेत्याचा पत्ता ॲपवाल्यानं द्यायचा. आणि माल सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणं नसेल, तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेत्यानं नकार द्यायचा नाही.

सुती म्हणून पॉलिस्टर, हे तर त्या शेवटच्या वाक्याचं सरळ उदाहरण. मामांच्या पाटीचाही निकाल २०१९ च्याच कायद्यात आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'दोनच शिल्लक' म्हणत घाई लावणं, हे खोटं असेल तर, नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी फसव्या क्लृप्त्यांच्या तेरा प्रकारांत बसवलंय. साडी परत गेल्यावरही ती लाल ओळ तशीच होती. दोनच शिल्लक.

मग मी चिडून लिहिणं थांबवलं आणि तारखा लिहायला घेतल्या. वेबसाइटच्या अगदी तळाशी, तीन पानं आत, तक्रार अधिकाऱ्याचा ई-मेल सापडला. पत्र एका पानाचं. ऑर्डर क्रमांक, पैसे भरल्याची तारीख, 'शंभर टक्के सुती' लिहिलेल्या पानाचा फोटो, कुरिअरनं साडी नेल्याची पावती, परत पाठवल्याचा ट्रॅकिंग क्रमांक. मागणी एका वाक्याची: पूर्ण रक्कम, ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात. विशेषणं सगळी काढून टाकली. 'लाज वाटत नाही का' हे वाक्य मला फार प्रिय होतं, पण त्याचा कुठल्या कलमाशी संबंध लागेना.

पोच आली नाही. तेव्हा दुसरी पायरी, १९१५ ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि मराठीत बोलता येतं. तिथल्या मुलीनं माझ्यापेक्षा कमी शब्दांत माझीच तक्रार नोंदवून घेतली आणि नोंदणी क्रमांक दिला. हेल्पलाइनला हुकूम सोडण्याचा अधिकार नाही. ती तक्रार कंपनीकडे पोचवते आणि उत्तर मागते. पण एवढ्यानंही चित्र पालटलं. जे यंत्र मला रोज माझाच प्रश्न विचारत होतं, त्याच्या जागी एक जिवंत माणूस फोनवर आला. आवाज गोड. "मॅडम, आम्ही तुम्हाला पंधराशे रुपयांचं कूपन देतो."

इथं मामा असते तर हो म्हणाले असते. दीडशे रुपये वरच मिळत होते. पण कूपन म्हणजे त्याच दुकानातून पुन्हा घ्यायला लागणं, आणि तिथं सुती काय मिळतं ते मी पाहिलं होतं. मी म्हटलं, पैसे खात्यात, नाहीतर पुढची तक्रार कोल्हापूरच्या आयोगात. तो क्षणभर थांबला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही कोल्हापुरात करणार? आमचं ऑफिस तर तिकडे नाही." म्हटलं, माझं घर आहे ना. कलम ३४ मी वाचून दाखवलं नाही, नुसता आकडा सांगितला. त्याच आठवड्यात पैसे जमा झाले.

याचा अर्थ व्यवस्था गुळगुळीत चालते असा नाही. आयोगानं साध्या तक्रारीचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो, पण तारखा लांबतात, हे आयोगाच्या जिन्यावर बसलेल्या कुणालाही विचारा. आणि ज्याला पत्ताच नाही त्याचं काय, हा खरा प्रश्न उरतोच. समाज माध्यमावर चार फोटो टाकून, महिनाभर पैसे गोळा करून नाव पालटणाऱ्या पानाला कुठला आयोग नोटीस बजावणार? ते गिऱ्हाइकाचं भांडण राहत नाही, ती फसवणूक असते. तिथं १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर, आणि तोही लगेच, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. कार्डानं पैसे भरले असतील तर बँकेकडेही वेळेत हरकत घ्यावी, कारण माल न मिळाल्याचा किंवा वेगळाच मिळाल्याचा व्यवहार उलटवण्याची सोय कार्डांच्या व्यवस्थेत असते.

म्हणून आता आमच्या घरी मुलगी काही मागवायला लागली की मी किमतीच्या आधी पानाच्या तळाला बोट नेते. कंपनीचं पूर्ण नाव आहे? पत्ता आहे? तक्रार अधिकाऱ्याचं नाव आहे? नियमानं हे तिघं तिथं असायलाच हवेत. नसतील तर सूट साठ टक्के असो की ऐंशी, तिथं आपलं काम नाही. ती म्हणते, "आई, ड्रेस घ्यायचाय, लग्न जमवायचं नाहीय." पण स्थळाची चौकशी करताना आपण पहिल्यांदा गाव आणि घर विचारतो, त्यात चुकीचं काय आहे?

मामांना पैसे मिळाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हिशेब मांडला. तेराशे एकोणपन्नास रुपये, त्यापायी घातलेले तास, फोन, डोक्याचा ताप. "परवडलं नाही बघा वैनी." एकटीचा हिशेब असेल तर मामांचं बरोबर आहे. पण कंपनी एकटीचा हिशेब करत नाही. ती हजारो साड्यांचा करते, आणि त्यात 'किती जणी सोडून देतील' हा जमेचा आकडा असतो. एका गल्लीतून दोन जणींनी तारीखवार पत्र लिहिलं, एकीनं १९१५ फिरवला, एकीनं कोल्हापुरात तक्रार गुदरली, तर परगावच्या कंपनीला इथं वकील पाठवावा लागतो. त्याचं एका फेरीचं भाडंच साडीपेक्षा जास्त. मग त्यांनाच परवडत नाही, आणि उत्तर देणारं माणूस नेमणं स्वस्त पडायला लागतं. मामांना हे पटलं की नाही ठाऊक नाही. पण परवा त्यांच्या सुनेनं मागवलेला चुडीदार दोन नंबर लहान आला आणि कंपनी फोन उचलेना, तेव्हा पत्राचा नमुना मागायला ते स्वतः आले होते. रक्कम होती आठशे नव्वद.