इको रिपोर्टमधला ‘ईएफ’ आकडा किती पक्का असतो?

समजा, काकांचा इको वाशिममध्ये झाला. ईएफ ५० टक्के. महिन्याभराने अकोल्यात पुन्हा केला, तर ४५. रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडला आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: हार्ट आणखी कमजोर झालं का?

खरं उत्तर असं की, फक्त या दोन आकड्यांवरून ते सांगताच येत नाही.

ईएफ म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा पूर्ण भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं. पुरुषांमध्ये साधारण ५२ ते ७२ आणि स्त्रियांमध्ये ५४ ते ७४ नॉर्मल मानतात. १०० टक्के कुणाचाच नसतो.

आता गंमत बघा. नेहमीच्या टू-डी इकोत मशीन हे रक्त थेट मोजत नाही. कप्प्याची दोन बाजूंनी चित्रं घेतात, आतल्या कडेवर रेघ आखतात आणि त्यावरून सॉफ्टवेअर आकारमानाचा अंदाज काढतं. प्रोब थोडा तिरका धरला तर कप्पा आखूड दिसतो. कड धूसर असेल तर रेघ सरकते. त्यामुळे एकाच पेशंटच्या दोन तपासण्यांत १० अंकांपर्यंत फरक पडू शकतो.

मग स्नायूची हालचालच मोजली तर? त्याचे दोन मार्ग आहेत. डॉप्लर स्नायूचा वेग सांगतो, पण कोन चुकला की वेग कमी दिसतो: २० अंशांना सुमारे ६ टक्के, ६० अंशांना थेट निम्मा. दुसरा मार्ग ‘स्ट्रेन’. यात सॉफ्टवेअर चित्रातल्या ठिपक्यांचा माग काढून स्नायू किती आखडला ते सांगतं. नॉर्मल आकडा उणे २० टक्क्यांच्या आसपास असतो. केमोथेरपीमुळे होणारी इजा ईएफ घसरण्याआधीच यात दिसू शकते. मात्र कंपनी बदलली की आकडाही थोडा बदलतो.

एआयचं काय? स्टॅनफर्डच्या ‘इकोनेट-डायनॅमिक’ने २०२० मध्ये १० हजारांहून अधिक व्हिडिओंवर काम केलं. ईएफमधली सरासरी चूक होती सुमारे ४ अंक. चांगलंच आहे, पण ५० आणि ४५ मधला वाद त्यानेही मिटत नाही.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या १० नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात वाशिमही होतं. जिल्ह्याला चांगली मशीन्स हवीतच, पण प्रोब धरणारा तयार हातही तितकाच हवा. फोनला जोडायचे प्रोब आलेत, हे खरं. पण १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते. ते घरी मागवायचं गॅजेट नाही.

तुम्ही काय कराल? पुढचा इको शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर करा. जुना रिपोर्ट आणि मिळाल्या तर व्हिडिओ क्लिपही सोबत न्या. आकडा ४० किंवा ३५ च्या आसपास असेल, तर “पुन्हा मोजायचा का?” असं डॉक्टरांना नक्की विचारा, कारण औषधं आणि छातीत बसवायच्या यंत्राचे निर्णय याच आकड्यांजवळ होतात. आणि धाप लागत असेल, पाय सुजत असतील, तर ईएफ कितीही असो, डॉक्टरांकडे जा.