बॉनेट नसलेली गाडी

धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याच्या शाळकरी पोराला ट्रक दाखवायची गरज नाही. मुंबई–आग्रा महामार्ग गावालगतच आहे. पण त्या ट्रकचं इंजिन पत्र्याआड झाकलेलं असतं, आणि हल्लीच्या खेळण्यातल्या गाड्याही तशाच: बाहेरून चकाचक, आत पोकळ.

1886 च्या बेंझ मोटारगाडीचं मॉडेल हातात घ्या. तारांची तीन चाकं, मागे उघडं इंजिन, त्याखाली आडवं फिरणारं भलंमोठं चक्र, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या साखळ्या आणि स्टिअरिंगऐवजी एक दांडा. लपवायला बॉनेटच नाही! खरी गाडी पाऊण अश्वशक्तीची. 1:18 प्रमाणात ती सुमारे 15 सेंटीमीटरची होते. 1888 मध्ये गाडीच्या निर्मात्याच्या पत्नी बेर्था बेंझ याच जातीची गाडी घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या, आणि वाटेत इंधन घेतलं ते औषधाच्या दुकानातून.

लंडनच्या लेस्नी कंपनीने 1956 मध्ये ‘मॉडेल्स ऑफ यस्टरइयर’ मालिका काढली, तेव्हापासून जुन्या गाड्यांची मॉडेल्स जमवणं हा मोठ्यांचाही छंद झाला. सोबत खोका न फोडण्याचा सोसही आला. तो मात्र पटत नाही. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे गाड्या धावतात, म्हणून पोरं काचेला नाक लावून उभी राहतात.

धुळे जिल्ह्यातल्या आयटीआयच्या मुलांना बेंझ गाडीचं असं एक मॉडेल बनवायला द्यावं. सायकलच्या तारा, पितळी पत्रा, जुन्या घड्याळाची चक्रं एवढ्यात ते होतं. साखळी मात्र फिरणारीच हवी.