आकाशातली भट्टी

दिवाळी हा दिव्यांचा सण आहे, हे चौथीतल्या मुलालाही निबंधात लिहिता येते. पण लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असते, ही गोष्ट आपण विजेच्या माळा लावण्याच्या गडबडीत विसरून जातो. वास्तविक काळोख नसेल तर पणतीला शोभा कसली? म्हणून यंदा फराळाचे ताट बाजूला सारून मी वाचकांपुढे काळोखाचाच एक तुकडा ठेवणार आहे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. डावीकडे पूर्वेला मृग बराच वर आलेला असतो. समोर मात्र, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर, काहीच नसल्यासारखे वाटते. तिथेच एक तारकासमूह आहे. त्याचे नाव फोर्नॅक्स, म्हणजे भट्टी. त्यातला सर्वांत तेजस्वी तारा कृत्तिकांमधल्या एखाद्या मधल्या तारकेएवढा. बाकीचे त्याहूनही गरीब. घरोघरी शेगड्या धडधडत असताना ही वरची भट्टी मात्र विझल्यासारखी दिसते!

तिचे नाव ठेवले ते निकोला लुई द लाकाय या फ्रेंच धर्मोपदेशक-ज्योतिर्विदाने. १७५१-५२ मध्ये तो आफ्रिकेच्या टोकाला केप टाउनला मुक्काम ठोकून होता. जवळची दुर्बीण जेमतेम अर्ध्या इंचाच्या भिंगाची. तेवढ्या भांडवलावर त्याने दक्षिण आकाशातल्या जवळजवळ दहा हजार ताऱ्यांच्या जागा टिपून घेतल्या आणि मधल्या मोकळ्या जागांत चौदा नवे तारकासमूह बसवले. देव नाहीत, राक्षस नाहीत, शापित राजकन्या नाहीत. घड्याळ, कंपास, सूक्ष्मदर्शक, हवा काढण्याचा पंप आणि रसायनशास्त्रज्ञाची ही भट्टी! आकाशात अवजारांची खोली मांडणारा असा गृहस्थ मला तरी दुसरा ठाऊक नाही.

पुढे १९३८ साली हार्लो शेप्ली यांना याच भट्टीत एक फिकट बटु-दीर्घिका सापडली. ती सुमारे साडेचार लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्याही पलीकडे, सहा कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक मोठा घोळका आहे. आज आपल्याकडे पोचणारा त्यांचा प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर माणसाचा पत्ताच नव्हता.

पण खरी गंमत झाली ती २००३-०४ मध्ये. पृथ्वीभोवती फिरणारी हबल दुर्बीण शास्त्रज्ञांनी भट्टीतल्या एका अगदी ओसाड ठिपक्याकडे वळवली. ठिपक्याची रुंदी पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे दहाव्या भागाइतकी. दुर्बिणीने थांबत थांबत, एकूण अकरा दिवसांहून अधिक काळ, तिथला प्रकाश गोळा केला. छायाचित्र तयार झाले तेव्हा त्यात सुमारे दहा हजार दीर्घिका निघाल्या. लाकायने दक्षिण आकाशात मिळून जवळजवळ तेवढे तारे मोजले होते. इथे एका ठिपक्यात तेवढ्या दीर्घिका, आणि एकेकीत असंख्य तारे! २०२४ मध्ये तर जेम्स वेब दुर्बिणीने याच भट्टीत अशी एक दीर्घिका दाखवली, की तिचा प्रकाश विश्वाच्या जन्मानंतर अवघ्या तीस कोटी वर्षांच्या आसपास निघालेला आहे.

हे वाचल्यापासून ‘त्यात काही नाही’ हे वाक्य उच्चारताना माझी जीभ अडखळते. वर्गात मागच्या बाकावर बसून कधीही हात वर न करणाऱ्या मुलाबद्दल, किंवा घरात चार शब्दांपलीकडे न बोलणाऱ्या काकूंबद्दल आपण हा निकाल किती झटकन देतो! दहा मिनिटांत दिसले नाही, म्हणजे नाहीच. हबलला एका ठिपक्यासाठी अकरा दिवस लागले.

आणि पाहण्यासाठी काळोख तरी शिल्लक हवा. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून भट्टीचा एकही तारा दिसत नाही. दोष भट्टीचा नाही. रस्त्यावरच्या आणि आमच्या दिव्यांचा उजेड वर पसरतो आणि असे फिके तारे गिळून टाकतो. शहरात वाढणाऱ्या मुलांना मृग कसाबसा भेटतो. आकाशाची ही मागची बाके त्यांना कधी दिसतच नाहीत.

यावर मला सुचलेला उपाय फार खर्चाचा नाही. भाऊबीजेला गावी जाणार असाल, तर द्वितीयेची कोर लवकर मावळून जाते. मध्यरात्री मुलांना उठवा, अंगणातला दिवा मालवा आणि डोळे काळोखाला सरावेपर्यंत वीस मिनिटे गप्प बसा. मुले विचारतील, “कुठे काय आहे?” तेव्हा दक्षिणेकडे बोट दाखवा आणि उत्तर द्यायची घाई करू नका. थंडी वाजेल, एक घोंगडी मात्र बरोबर असू द्या.