इंजिनियर व्हावयाचें म्हणजे काय?

दहावीचा निकाल लागला कीं आमच्याकडे पालकांची वर्दळ सुरू होते. कोणी पेरणीची घाई बाजूस ठेवून येतो, कोणी जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांतील रात्रपाळी संपवून परस्पर येतो. प्रश्न बहुधा ठरलेलेच असतात. “गुरुजी, पोराला कोणत्या लाइनला टाकावं?” “कम्प्युटरला टाकलं तर नोकरी पक्की ना?” “डिझाइन म्हणतात ते काय असतं? चित्रं काढून पोट भरतं का?” “पोरगी हुशार आहे, पण यंत्राचं काम तिला झेपंल का?” विचारणाऱ्याच्या डोळ्यांत आशा असते, आणि त्या आशेमागें बहुधा एखाद-दोन एकर जमीन उभी असते, कारण शुल्काचा भार शेवटीं तिच्यावरच पडावयाचा असतो. म्हणून असल्या प्रश्नांस वरवरचें उत्तर देणें हा आम्हांस अपराध वाटतो.

तसा अपराध आमच्या हातून एकदां घडला आहे, तो येथें कबूल केला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं आमचा सल्ला विचारला, तेव्हां “सगळे जातात तिकडेच पाठवा” असें आम्हीं सहज म्हणून गेलों. मुलगा आळशी नव्हता. गांवांत कोणाचीहि पाण्याची मोटार बिघडली तर त्याला बोलावणें येई. परंतु दिवसभर पडद्यापुढें बसण्याच्या विद्येंत त्याचें मन रमेना. दुसऱ्या वर्षीं तो परत आला. गहाण पडलेली जमीन मात्र परत आली नाहीं. दोष महाविद्यालयाचा नव्हता, मुलाचाहि नव्हता. त्याचे हात काय सांगत होते तें आम्हीं वडील माणसांनीं पाहिलें नाहीं, हाच दोष.

तेव्हांपासून आमचें मत असें बनलें आहे कीं, पालकांचे प्रश्न चुकीचे नसतात; त्यांचा क्रम चुकीचा असतो. पगार किती हें आधीं विचारलें जातें, शाखा कोणती हें मागाहून, आणि प्रत्यक्ष काम काय करावयाचें हें कोणी विचारीतच नाहीं. हा क्रम उलटा करावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. त्यासाठीं दूर जावयास नको. मुलाला घेऊन गांवच्या हापशापाशीं जावें.

हापसा ही सामान्य वस्तु आहे असें वाटतें. पण तिचा इतिहास आपल्याच जिल्ह्याशीं बांधलेला आहे. आपल्या पायांखालीं काळा कातळ आहे. पाणी त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत सांपडतें, तेंहि खोल. दुष्काळांत येथें विंधन विहिरी घेतल्या गेल्या, त्यांवर प्रथम बिडाचे पंप बसविले. हे पंप परदेशी नमुन्याचे, एका कुटुंबापुरते. आपल्याकडे त्यांवर अवघें गांव पहाटेपासून रात्रीपर्यंत पाणी ओढी. सांधे झिजत, बोल्ट ढिले होत, दांडा तुटे. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हां दर चार पंपांपैकीं जवळजवळ तीन बंद आढळले. पाणी जमिनींत होतें, पैसा खर्च झाला होता, आणि बायका पुन्हां उघड्या विहिरीवर उभ्या होत्या.

हें दुःख प्रथम ज्यांनीं मनावर घेतलें त्यांत जालन्यास मिशनच्या पाण्याच्या कामावर असलेली मंडळी होती. त्यांनीं सुधारलेला पंप ‘जालना पंप’ या नांवानें ओळखला जाऊं लागला. पुढें त्यावरून सोलापूर पंप निघाला. त्याचा कर्ता कोणत्याहि महाविद्यालयाचा पदवीधर नसून स्वतःच्या कष्टानें यंत्रविद्या शिकलेला कारागीर होता. सोलापूर पंपाचा टिकाऊपणा पाहून युनिसेफनें तोच पाया धरला. मद्रासची यांत्रिक संशोधन संस्था व तेथील रिचर्डसन अँड क्रूडास हा कारखाना यांच्या साह्यानें नवा पंप तयार झाला. कोइमतूरजवळच्या खोल विहिरींवर त्याची परीक्षा झाली, आणि १९७७-७८ पासून तो मोठ्या प्रमाणावर बनूं लागला. हाच ‘इंडिया मार्क २’. १९७९ सालीं त्याचें भारतीय मानक ठरलें. पुढें असे पंप लाखोंनीं बनले व आफ्रिकेंतील देशांपर्यंत गेले. जालन्याच्या कातळांत सुरू झालेली धडपड जगाच्या उपयोगीं पडली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकीं किती जणांस ठाऊक आहे?

आतां या हापशाकडे पाहून शाखांचा प्रश्न सोडवूं. पाणी कोठें लागेल हें खडकांवरून सांगणें भूगर्भशास्त्राचें काम. भोंवतालचा ओटा, सांडपाण्याची नाली व घाण पाणी बोअरमध्यें न झिरपेल असा पाया, हें स्थापत्याचें काम. दांडा, साखळी, बेअरिंग व दट्ट्या हें यांत्रिक शाखेचें. कोणत्या धातूचा नळ गंजणार नाहीं, हें धातुशास्त्राचें. पाणी पिण्यास योग्य आहे कीं नाहीं, हें रसायनशास्त्राचें. हापशाच्या जागीं वीजपंप आला कीं विद्युत् शाखेचें काम सुरू होतें; आणि तालुक्यांतील शेंकडों विहिरींच्या पातळीची नोंद ठेवून कोठें टंचाई येणार हें आधीं सांगावयाचें तर संगणकाची विद्या हवी. म्हणजे शाखा हे वेगवेगळे पंथ नव्हेत. एकाच कामास लागलेले ते अनेक हात आहेत. त्यांत उच्चनीच शोधणें व्यर्थ होय.

दुसरा प्रश्न गणिताचा. “माझें गणित कच्चें आहे, चालेल का?” असें मुलें विचारतात. त्यांस आम्ही हापशाचेंच उदाहरण घालतों. मार्क २ च्या नळकांड्याचा आंतील व्यास ६३.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल १२५ मिलिमीटर. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचें सूत्र लावा. एका हापक्याला सुमारें ०.४ लिटर पाणी येतें. म्हणजे पंधरा लिटरांची घागर भरावयास चाळीसच्या आसपास हापके लागले पाहिजेत. जास्त लागत असतील तर वॉशर झिजला आहे, किंवा झडप गळते आहे. तसेंच, पाणी तीस मीटर खालीं असेल तर दट्ट्यावर सुमारें ९५ किलो भार येतो. दांड्याचा टेकू असा ठेवला आहे कीं हातास त्याचा आठवा हिस्साच, म्हणजे सुमारें १२ किलो, लागावा. सळयांचें वजन निराळें. हें गणित आठवी-नववीचें आहे. गणिताशिवाय इंजिनियर होतां येत नाहीं हें खरें. पण गणित म्हणजे भीतिदायक दैवत नसून कोणाच्या खांद्यावर किती भार येतो हें मोजण्याचें तें साधन आहे. ज्याला हें कळलें त्याचें कच्चें गणित पिकूं लागतें.

तिसरा प्रश्न डिझाइनचा. यालाच मराठींत अभिकल्प म्हणतात. चित्र काढणें आणि अभिकल्प करणें यांत अंतर आहे. यंत्र चालेल कसें हें पाहणें एक, आणि तें वापरणारें माणूस कोण आहे हें पाहून यंत्राला रूप देणें दुसरें. हापसा मारतो कोण? बहुतकरून स्त्रिया व मुली. मग दांडा किती उंच असावा? घागर ठेवावयास जागा आहे काय? बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार? मार्क २ मजबूत खरा, पण त्याचा दट्ट्या काढावयाचा तर सगळा नळ वर ओढावा लागे, व त्यास हत्यारांसह तालुक्याहून माणसें यावीं लागत. म्हणून पुढच्या मार्क ३ मध्यें नळ रुंद केला, कीं नळ जागींच ठेवून दट्ट्या वर काढतां यावा आणि गांवच्याच माणसानें तो बदलावा. ‘दुरुस्ती कोण करणार’ हा प्रश्न आधीं विचारणें, हाच खरा अभिकल्प.

या विद्येंत पोट भरतें काय? भरतें. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें १९६९ पासून अभिकल्पाचें स्वतंत्र केंद्र आहे. रुपयाचें जें चिन्ह आज नोटेवर दिसतें तें २०१० सालीं स्वीकारलें गेलें. तें काढणारे उदय कुमार याच केंद्रांत संशोधन करीत होते. संगणकावर मराठी वाचतांना जीं ‘मंगल’ वळणाचीं अक्षरें आपण पाहतों तीं र. कृ. जोशी यांनीं घडविलीं. तेव्हां ज्या मुलाची वही चित्रांनीं भरलेली असते त्याला लगेच रागावूं नये. कलेच्या किंवा वाणिज्याच्या शाखेंतून बारावी झालेल्यांसहि ‘युसीड’ ही प्रवेशपरीक्षा देतां येते, हेंहि पुष्कळांस माहीत नसतें.

चित्र व यंत्र यांचें वैर नाहीं, याचें उत्तम उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचें आहे. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले. रंग ओळखतांना डोळे दगा देतात असें आढळलें, तेव्हां रंग सोडून त्यांनीं यांत्रिक रेखाटन धरलें. पुढें बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें आणि १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होईल या समजुतीमुळें शेतकरी त्यास हात लावीनात. पहिला नांगर विकावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. तरी त्यांनीं शेतकऱ्यास अडाणी म्हणून सोडून दिलें नाहीं. त्याच्या बांधावर जाऊन नांगर चालवून दाखविला. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. एका दारानें आंत जातां आलें नाहीं म्हणून माणूस घराबाहेर राहिला असें होत नाहीं.

चौथा प्रश्न मुलींचा. ज्या हातांनीं वर्षानुवर्षें हापसा मारला त्या हातांस यंत्र झेपेल काय, असें विचारणें आम्हांस तरी नवलाचें वाटतें. यंत्राचा त्रास ज्याला भोगावा लागतो त्यालाच तें सुधारण्याची निकड कळते. शिवाय राज्य शासनाच्या २०२४ सालच्या निर्णयाप्रमाणें, वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील, ठरविलेल्या प्रवर्गांच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ आहे. पालकांनीं याची चौकशी अवश्य करावी. मुलगी परक्याचें धन म्हणून तिची बुद्धि घरीं कुजत ठेवणें हा तोट्याचा व्यवहार आहे.

पांचवा प्रश्न पदविकेचा. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेणें कमीपणाचें आहे, असा समज गांवोगांव पसरला आहे. आम्हांस तो घातक वाटतो. पदविका घेतलेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षीं थेट प्रवेश मिळूं शकतो. हात आधीं तयार होतात, खर्चहि बेतानें होतो. वर ज्या विद्यार्थ्याची हकीकत सांगितली तो आज विद्युत् शाखेच्या पदविकेचा अभ्यास करीत आहे व सुटींत मोटारी दुरुस्त करून घरीं पैसे देतो. त्याचीं गेलेलीं दोन वर्षें मात्र आम्हांस परत देतां येत नाहींत.

यावर कोणी म्हणेल कीं, “गुरुजी, हे सगळं खरं, पण पगार?” हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. गरिबाच्या घरीं पोटाचा प्रश्न पहिला असतो, आणि संगणकाच्या विद्येनें पुष्कळ घरें वर आलीं आहेत. ज्याला ती आवडते त्यानें ती अवश्य शिकावी. परंतु आज ज्या विद्येस भाव आहे तिला चार वर्षांनीं तोच भाव राहील असें कोणी लिहून देत नाहीं; कापसाच्या भावावर जन्म काढलेल्या आपल्या लोकांस हें सांगावयास नको. भाव उतरल्यावरहि जो टिकतो तो आवडीनें शिकलेला मनुष्य. आवडीचें काम करणारा उपाशी राहत नाहीं असें आम्ही छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं. नावडतें काम करणारा तें चांगलें करीत नाहीं, एवढें मात्र निश्चित सांगतों.

आपल्या भागाला इंजिनियरांची वाण आहे ती कामाच्या नव्हे, माणसांच्या बाजूनें. १९०८ च्या सप्टेंबरांत मुसी नदीच्या पुरानें हैदराबाद शहर उद्ध्वस्त झालें, तेव्हां आपला प्रांत त्याच संस्थानांत होता. पूर आंवरण्याची योजना आंखावयास विश्वेश्वरय्या आले; ते पुण्याच्या महाविद्यालयांत शिकलेले. आज आपल्या तालुक्यांतून समृद्धि महामार्ग जातो. असलीं कामें करावयास दर वेळीं बाहेरूनच माणूस यावा काय? बदनापूरच्या कृषि संशोधन केंद्रांतून निघालेलें तुरीचें ‘बी. डी. एन. ७११’ वाण दूरदूरच्या शेतांत पेरलें जातें. बियाणें येथून जाऊं शकतें, तर यंत्र कां जाऊं नये?

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या सुटींत एक काम करा. गांवांतील एक बंद पडलेली वस्तु निवडा: हापसा असो, फवारणीचा पंप असो, कीं आईच्या हातांतला बोथट विळा असो. ती कां बिघडली, ती कोण वापरतें, त्या माणसास कोठें दुखतें, हें वहींत लिहा. जमेल तसें चित्र काढा. एक तरी माप घ्या. आणि पालकहो, मुलानें ती वही दाखविली कीं तिच्यांत गुण शोधूं नका. कोणत्या पानावर त्याचा हात रेंगाळला आहे तें पहा. मग ती वही घेऊन आमच्याकडे या. आम्ही या वेळीं ती नीट वाचूं.